मदत हवी आहे: उसातून बाहेर येणाऱ्या जनावराची कड व्हिडिओतून कशी काढावी?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाळवा तालुक्यातल्या आमच्या शेतात बांधावर कॅमेरा लावलाय. फडातून रानडुक्कर, कुत्रं किंवा बिबट्या बाहेर आला तर त्याची बाह्यरेषा काढायची, हा प्रोजेक्ट.

एकेका फ्रेमवर कॅनी (चित्रातल्या कडा शोधणारी पद्धत) चालवलं की पात्यापात्याची कड उमटते आणि जनावर त्यातच हरवतं. वाळल्या पाचटाचा आणि त्याचा रंग जवळपास एकच. पण ते हललं की आपल्याला लगेच दिसतं, कारण अंगावरचे ठिपके मिळून सरकतात आणि मागचं पाचट एका बाजूला झाकत, दुसऱ्या बाजूला उघडं पडत जातं. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते, आणि तीच संगणकाकडून करून घ्यायची आहे.

ओपनसीव्ही या चित्र-व्हिडिओवर काम करणाऱ्या लायब्ररीतल्या फार्नेबॅक पद्धतीने ऑप्टिकल फ्लो (एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये प्रत्येक बिंदू कुठे, किती सरकला ते) काढला, वेग जिथे एकदम बदलतो तिथे कड धरली. पण खिडकी (एका बिंदूचा वेग ठरवताना आजूबाजूचा जेवढा भाग पाहतात तो) मोठी ठेवली तर कड अंगाबाहेर पसरते, लहान केली तर गोंगाट वाढतो.

मग पुढचा (आधीच्या फ्रेमकडून नंतरच्या फ्रेमकडे) आणि उलटा, असे दोन्ही फ्लो ताडून पाहिले. जिथे ते जुळत नाहीत ती पट्टी झाकल्या गेलेल्या पाचटाची, हे पटतं. पण वाऱ्याने पाती हलली की तिथेही अशाच पट्ट्या येतात. पाती मागेपुढे डोलतात, जनावर पुढे सरकत राहतं. हा फरक धरायला बऱ्याच फ्रेम्सचा फ्लो जोडत जावा का? तसं करताना कड पुसट होऊ नये म्हणून काय करता? सगळं रास्पबेरी पाय या छोट्या, कमी ताकदीच्या संगणकावर चालवायचंय, त्यामुळे जड मॉडेल नको. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.