मदत हवी आहे: डुकरांच्या आनुवंशशास्त्रातले लेखक आणि उद्धरणं नेमकी मोजायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे आणि नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय आहे डुकरांच्या पैदाशीचं आनुवंशशास्त्र. १९९० पासून यावर कोणी लिहिलं, कोणासोबत लिहिलं आणि त्या लेखांची उद्धरणं कुठकुठे झाली, याची ग्रंथमिती. तिसऱ्या प्रकरणात गाडी अडली आहे. इथे पशुवैद्यक आणि ग्रंथालय दोन्हीकडची माणसं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डुकरंच का, हे सगळेच विचारतात. मला या विषयात ओढलं ते हॅलोथेन जनुकाने. काही डुकरं गाडीत चढवताना, आपसात भांडताना किंवा उन्हाच्या तडाख्यात एकाएकी मरायची. कापल्यावर मांस फिकट, लिबलिबीत आणि पाणी सुटणारं निघायचं. हा दोष ओळखायला पिल्लाच्या तोंडाला मुखवटा लावून हॅलोथेन हे भुलीचं औषध हुंगवायचे. पाय ताठ झाले की पिल्लू सदोष. पण दोष अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच दिसणारा, त्यामुळे ज्याच्यात एकच प्रत आहे ते पिल्लू या परीक्षेत बिनबोभाट पास व्हायचं आणि पुढच्या पिढीत दोष पोचवायचं. १९९१ साली टोरांटोच्या फुजी, मॅक्लेनन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की रायनोडिन रिसेप्टर या स्नायूंतलं कॅल्शियम सोडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं आहे. त्यानंतर थेंबभर रक्तावरून वाहकही ओळखता यायला लागले. एका लेखाने पैदास केंद्रांची रीतच बदलली. अशा लेखाचा माग उद्धरणांवरून काढता येतो का, हे मला मनापासून जाणून घ्यायचं आहे.

पहिली अडचण शोधशब्दांची होती, ती निस्तरली. 'पिग'पुढे तारा (*, म्हणजे पुढे कुठलीही अक्षरं चालतील) टाकला की कबुतरं आणि रंगद्रव्यं येतात, शिवाय प्रयोगशाळेतले गिनी पिग वेगळेच. मादीसाठीच्या 'सो'पुढे (इंग्रजीत पेरण्याचं स्पेलिंगही तेच) तारा टाकला तेव्हा गव्हाच्या पेरणीच्या तारखांवरचे लेख आले. आता 'पोर्साइन', 'स्वाइन', 'गिल्ट' आणि शास्त्रीय नाव धरून, नको ते शब्द वगळून यादी बरीच स्वच्छ झाली आहे.

खरी अडचण नावांची आहे. जुन्या नोंदींत लेखकाचं पूर्ण नाव नसतं, आडनाव आणि अद्याक्षरं एवढंच. 'वांग वाय' या एका नावाखाली किती माणसं दडली आहेत, देव जाणे. डच आणि बेल्जियन नावांतला 'वॅन' कुठे आडनावाला चिकटतो, कुठे सुटतो, म्हणून एकच माणूस, समजा 'वॅन लारे', व्ही खालीही सापडतो आणि एल खालीही. आणि मग आपली नावं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव तर बदलतंच, पण मधलं अद्याक्षरही बदलतं, कारण वडिलांच्या जागी नवरा येतो. म्हणजे 'कुलकर्णी एस व्ही'ची 'जाधव एस डी' झाली की यंत्राला दोघींत काही म्हणजे काही साम्य दिसत नाही. (ही नावं उदाहरणापुरती.) माझ्या यादीत अशी एक जोडी आहे. विभाग तोच, देशी डुकरिणींच्या एका वेतातली पिल्लं हा विषय तोच, सहलेखकही तेच. एका वर्षी पहिलं नाव थांबतं आणि पुढच्या वर्षी दुसरं सुरू होतं. माझी खात्री आहे की ही एकच व्यक्ती आहे. गाईड म्हणतात, पुरावा नसेल तर वेगळ्याच ठेव. पण वेगळ्या ठेवल्या तर त्या बाई माझ्या तक्त्यात दोन किरकोळ लेखिका म्हणून उरतात, एकत्र केल्या तर भारतातल्या पहिल्या काही नावांत येतात. अंदाजाने जोडणं मलाही पटत नाही. काय करावं?

दुसरा प्रश्न मोजणीचा. २००३ साली 'नेचर'मध्ये आयजीएफ-२ जनुकाचा लेख आला. स्नायू वाढवणारा आणि चरबी घटवणारा तो बदल फक्त बापाकडून आला तरच परिणाम दाखवतो, हे त्यातलं मर्म. त्याला १३ लेखक आहेत. प्रत्येकाला १ गुण द्यायचा (पूर्ण मोजणी) की १ भागिले १३, म्हणजे ०.०७७ (अपूर्णांकी मोजणी)? २०१२ साली डुकराचा जीनोम 'नेचर'मध्ये आला, ज्या ड्युरॉक मादीचा तो वाचला तिचं नाव टी. जे. तबास्को. त्या लेखाला शंभरावर लेखक आहेत. पूर्ण मोजणी केली तर त्या एका लेखाने माझा सहलेखकांचा नकाशा झाकून टाकला. सगळे एकमेकांना जोडलेले, मध्ये काळा गोळा आणि कडेला बाकीचं जग. अपूर्णांकी मोजणी केली तर गोळा विरघळतो, पण मग गाईड विचारतात की लोटकाचा नियम (किती लेखक किती लेख लिहितात याचा) कसा लावणार, अपूर्णांकांवर तो बसत नाही.

तिसरा प्रश्न. फुजींच्या त्या लेखाची बरीच उद्धरणं भूलशास्त्राच्या नियतकालिकांतून येतात. माणसातही याच जनुकातल्या बदलांमुळे भूल देताना ताप भडकतो आणि जीव जाऊ शकतो. ही उद्धरणं डुकरांच्या पैदाशीच्या खात्यात धरायची की वगळायची?

प्रकरण महिनाअखेर द्यायचं आहे. ज्यांनी असं काम स्वतः केलं आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: रानवारा

ताई, मी पशुआनुवंशिकीत आहे, तेव्हा तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. भूलशास्त्राची उद्धरणं वगळू नका. मॅक्लेनन मुळात डुकरांचे पैदासकार नव्हतेच, स्नायूंत कॅल्शियम कसं फिरतं यावर काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. डुक्कर हे त्यांना त्या रोगाचं जिवंत उदाहरण म्हणून मिळालं. लेखच दोन घरांचा आहे, तर उद्धरणंही दोन रकान्यांत दाखवा.

पण त्याहून महत्त्वाचं सांगतो. तो लेख पुढे उद्धृत होणं कमी झालं, तर त्याचा प्रभाव ओसरला असं लिहू नका. उलट झालं. चाचणी इतकी रोजची झाली की लोक 'कळप हॅलोथेनमुक्त होता' एवढं एक वाक्य लिहून पुढे जातात, संदर्भ देतच नाहीत. विज्ञानाचा समाजशास्त्रज्ञ मर्टन याने हे फार नेमकं ओळखलं होतं: शोध ज्ञानात इतका मुरतो की मूळ लेखाचं नाव गळून पडतं. हेंडरसनच्या ब्लपचं, म्हणजे जनावराच्या पैदासमूल्याचा अंदाज काढायच्या सांख्यिकी पद्धतीचं, तेच. आज वराहांचं कुठलंही पैदासमूल्य काढा, पाया ब्लपचा असतो, पण त्यांचा १९७५ चा 'बायोमेट्रिक्स'मधला लेख किती जण उद्धृत करतात? म्हणून लेखांच्या मजकुरात 'हॅलोथेन' हा शब्द किती वेळा आला आणि त्यातल्या किती ठिकाणी संदर्भ दिला, हे दोन आकडे वर्षवार काढून बघा. काम किचकट आहे, पण तुमच्या प्रबंधाचा जीव तिथे आहे असं मला वाटतं.

प्रतिसाद: सूचीकार

लोटकाबद्दल. त्याचा १९२६ चा मूळ लेख काढून वाचा, ग्रंथालयशास्त्रात आपण तो बहुधा पाठ्यपुस्तकातूनच घेतो. त्याने रसायनशास्त्राच्या सूचीतली ए आणि बी या अक्षरांची नावं मोजली आणि प्रत्येक लेखाचं श्रेय फक्त पहिल्या, ज्येष्ठ लेखकाला दिलं. एकच लेख लिहिणारे साधारण ६० टक्के, हे त्या मोजणीतून आलं. आपल्याकडे मात्र सर्रास सगळ्या लेखकांना पूर्ण गुण देतात आणि वर लोटकाचा नियम लावतात. गाईडना हे दाखवा. लोटका लावायचाच तर फक्त पहिल्या लेखकावर लावा आणि तसं स्पष्ट लिहा.

पण तुमच्या विषयात त्यालाही धोका आहे. आनुवंशशास्त्रात प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटी असतो. फुजींच्या लेखात शेवटी मॅक्लेनन, आयजीएफ-२ च्या लेखात शेवटी लीफ अँडरसन. पहिलाच मोजला तर ही दोन्ही नावं गायब. म्हणून उत्पादकतेचे तक्ते दोन करा, पूर्ण मोजणीचा आणि अपूर्णांकी. क्रम कुणाचा किती हलला यावर लिहा. सुब्रमण्यम यांचं १९८३ चं सहकार्याचं गुणोत्तर (एकूण लेखांत एकाहून जास्त लेखकांचे किती) मात्र या विषयासाठी निरुपयोगी आहे. त्यात २ लेखक आणि १०० लेखक सारखेच, आकडा सतत १ च्या आसपास राहील. त्यापेक्षा अजिफेरुके यांचा १९८८ चा सहकार्य गुणांक घ्या, तो लेखकांची संख्याही धरतो. आणि नकाशा काढताना जीनोमचा लेख बाजूला ठेवा, तळटीप द्या, कुणी हरकत घेणार नाही.

नावांसाठी सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. पहिल्या शंभर नावांपुरतं हाताने करा: पत्ता, सहलेखक, विषय. ऑर्किड (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख) क्रमांक २०१२ च्या अखेरीस सुरू झाले, आधीच्या लेखांना ते क्वचितच जोडलेले असतात. राहिली तुमची ती जोडी. त्या नोकरीत असतील तर विभागाचा फोन कुठल्याही पशुवैद्यकीय ग्रंथपालाला मिळेल. विचारा की सरळ! पुराव्यात 'लेखिकेशी प्रत्यक्ष संवाद' असं लिहिता येतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हॅलोथेनची वर्षवार मोजणी कालपासून सुरू केली. हाताने वाचते आहे, कारण अर्ध्या लेखांत 'हॅलोथेन' ही नुसती भूल म्हणून वापरलेली असते, जनुकाशी काही संबंध नसतो.

आणि फोन केला. दोन दिवस धीर होत नव्हता. बाई निवृत्त झाल्या आहेत, विभागातल्या लिपिकाने निरोप दिला आणि संध्याकाळी त्यांचाच फोन आला. हो, दोन्ही नावं त्यांचीच. शिवाय तिसरंही एक निघालं: एका परिसंवादाच्या निबंधात मुद्रणदोषाने मधलं अद्याक्षर चुकलं होतं, तो निबंध मी कुणा तिसऱ्याच लेखकाच्या नावावर टाकला होता. आपलं काम कुणी एकत्र लावतंय म्हणून त्यांना इतका आनंद झाला की जुन्या लेखांच्या सुट्या प्रती टपालाने पाठवते म्हणाल्या. त्यातले काही कुठल्याच सूचीत नाहीत. गाईडनी ही नोंद मान्य केली आहे.

आता शेवटचं एक विचारते. तक्त्यात त्यांचं नाव कुठल्या रूपात छापायचं? नियमाप्रमाणे सर्वांत अलीकडचं घ्यावं लागेल. मी त्यांनाच विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'दोन्ही लिही, माहेरचं आधी. पिल्लांची वजनं मी त्याच नावाने केली होती.' कुठल्या संदर्भशैलीत असं जोडनाव चालतं, कुणाला माहीत असेल तर सांगा.