आयरिश कादंबरीवरून व्हीआर नाटक करतोय, प्रेक्षकाला नेमकं कुठे ठेवायचं?

रंगवेडी:
मंडळी, अडलंय म्हणून धागा काढतेय. मी गॉलवेत (आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर) नाटक शिकतेय आणि आम्ही चौघांनी मिळून बारा मिनिटांचं व्हीआर नाटक (म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवला की चहूबाजूंनी दिसणारं) करायला घेतलंय, पॉरिक ओ कोनेरा यांच्या 'द्योरीअख्त' या आयरिश भाषेतल्या कादंबरीवरून (१९१०ची आहे, नावाचा अर्थ साधारण परागंदा होणं). मिहाल नावाचा माणूस लंडनला जातो, मोटारीखाली येऊन एक हात एक पाय गमावतो, चेहरा विद्रूप होतो, भरपाईचे पैसे उडतात आणि शेवटी पोटासाठी एका सर्कशीत स्वतःचंच प्रदर्शन मांडून बसतो. आणि ती सर्कस फिरत फिरत त्याच्याच गॉलवेला येते!! हे वाचून मी दोन दिवस सुन्न होते.
तर प्रश्न असा की हेडसेट घातलेल्याला मिहालच्या अंगात शिरवायचं की बघणाऱ्या गर्दीत उभं करायचं? आणि संवाद आयरिशमध्येच ठेवणारोत, मग सबटायटल्सचं काय, डोळ्यांसमोर चिकटवली की कलाकारांकडे कुणी बघतच नाही.

नेपथ्यवाला:
अंगातच शिरवा, कादंबरी पण तोच सांगतोय ना. फक्त एक करा, प्रेक्षकाकडून एक कंट्रोलर (हातात धरायचं यंत्र, त्यावरून व्हीआरमधला हात हलतो) काढून घ्या. खाली बघितलं की एकच हात दिसला पाहिजे. सवयीने माणूस दुसरा हात उचलतो आणि समोर काहीच येत नाही, त्या क्षणाला जे होतं ते कुठल्याही संवादाने होणार नाही. आणि कृपा करून चालवू नका त्याला, शरीर जागेवर आणि चित्र पुढे सरकलं की डोळे एक सांगतात, कानातला तोल दुसरंच, आणि लोकांना मळमळायला लागतं. खुर्चीत बसवा. ३६० कॅमेऱ्याने (सगळ्या बाजू एकदम टिपणाऱ्या) शूट करत असाल तर कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. सबटायटल्स बोलणाऱ्याच्या खांद्यापाशी टांगा, तिथेच राहू देत.

तिसरी घंटा:
डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आयरिश नाटककार सॅम्युअल बेकेटच्या 'प्ले' या नाटकावर व्हीआर प्रयोग झालाय तो बघाच. मूळ नाटकात रांजणांतून तीन डोकी बाहेर आलेली असतात, ज्याच्यावर स्पॉट (प्रकाशझोत) पडेल तोच बोलतो. व्हीआरमध्ये प्रेक्षकाची नजर हाच स्पॉट, तुम्ही बघाल तो बोलणार. तुम्ही हे उलटं फिरवा की, गर्दी मिहालकडे टक लावून बघतेय पण ज्याच्याकडे आपण बघू तो मान फिरवतो. सगळे फिरवतात. आणि गॉलवेच्या प्रवेशात एक जण फिरवत नाही, कारण त्याने ओळखलंय.

मी_मात्र_वेगळा:
विषय चांगलाय, पण सर्कस म्हटलं की लोकांना चमत्कारिक माणूस दिसणार, स्थलांतर बाजूला राहणार. १९५०च्या दशकात आयर्लंडमधून ४ लाखांच्या आसपास लोक बाहेर पडले, त्यांच्यावर का नाही करत? डोनल मॅक आउलीने इंग्लंडात खोदकामावर मजुरी करत आयरिशमध्ये रोजनिशी लिहिलीय, १९६०ला पुस्तक आलं. फावडं, चिखल, भाड्याची खोली, हे जास्त खरं वाटेल मला.

अकरा_पावसाळे:
मी पण तिकडेच राहतो म्हणून भाषेबद्दल लिहितो. आयरिशमध्ये 'मला एकटं वाटतं' असं नाही म्हणत, 'ता उएग्नस ओरम' म्हणतात, शब्दशः एकटेपण माझ्यावर आहे. अंगावर लादलेलं असतं ते. तुमच्या सबटायटलमध्ये नुसतं 'मला एकटं वाटतं' आलं तर ते ओझं गेलंच ना, मग अंगात शिरवून उपयोग काय? अजून एक सुचतंय, लंडनच्या गर्दीचं इंग्रजी नुसता गलका ठेवा, एक शब्द धड लागू देऊ नका. गॉलवेत मात्र गर्दीतला प्रत्येक आयरिश शब्द सबटायटलसकट, अगदी 'आई, त्याचं तोंड बघ' हे पण. परक्यांचं बोलणं कानाआड करता येतं, आपल्या भाषेतलं कसं करणार?

रंगवेडी:
@मी_मात्र_वेगळा, रोजनिशी वाचतेच, पण मिहालला आत्ता सोडवत नाही. घरी परत यायचंय आणि घरच्यांनी तिकीट काढून बघावं, यापेक्षा परागंदा होणं अजून काय असतं?
आज तालमीत एक कंट्रोलर काढून बघितला. आमची एक मैत्रीण हेडसेट काढल्यावर बराच वेळ डावा हात उजव्या हाताने धरून बसली होती, बोललीच नाही काही. 'तोंड बघ'वालं वाक्य कुणाच्या आवाजात घ्यायचं ते ठरत नाहीये, लहान मूल की म्हातारी? सांगा बरं.