मदत हवी आहे: टीबी नाही, कल्चरमध्ये अ‍ॅबसेसस हा जंतू निघालाय (लेकीला सिस्टिक फायब्रोसिस)

मंडळी, आम्ही ऐरोलीला राहतो. लेक तेरा वर्षांची, सीएफ (सिस्टिक फायब्रोसिस, फुफ्फुसात चिकट कफ साचणारा जन्मजात आजार) आहे. (तान्ही असताना पापा घेतला की खारट लागायची. घामाची चाचणी केली, क्लोराइड ६० च्या वर, तेव्हा उलगडा झाला.)

दिवाळीपासून खोकला हटेना, वजन दोन किलो उतरलं. थुंकीत एएफबी (टीबीच्या जातीचे जंतू) पॉझिटिव्ह, म्हणून एका दवाखान्यात लगेच टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या. आमच्या सीएफच्या डॉक्टरांनी अडवलं. स्मिअरमध्ये (थुंकी काचेवर रंगवून पाहतात त्यात) टीबीचा जंतू आणि त्याची ही भावंडं ओळखू येत नाहीत. जीनएक्सपर्टमध्ये (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) टीबी नाही, आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहतात त्यात) त्याचंच भावंड, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस. एका कल्चरवर विसंबायचं नाही म्हणून दुसरा नमुना दिलाय. तोवर आठवड्यातून तीनदा चालणारी अ‍ॅझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) बंद. ती एकटीच चालू राहिली तर जंतू पुढे दाद देत नाही म्हणे.

पुन्हा तोच आला, खोकलाही असाच राहिला, तर काही आठवडे शिरेतून अमिकासिन आणि इतर औषधं, मग अमिकासिनची वाफ आणि गोळ्या. कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही १२ महिने.

ठाणे-नवी मुंबईत घरी येऊन पिक लाइन (औषधासाठी दंडातून शिरेत घातलेली बारीक नळी) सांभाळणारी, लहान मुलांची सवय असलेली नर्स कुणाला मिळाली का? अमिकासिनने ऐकू कमी येऊ शकतं, तर तुमच्याकडे ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) किती दिवसांनी करत होते? शाळेला 'टीबी नव्हे' असं पत्र कुणाकडून घेतलंत? खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मुलांना आमच्याकडे पाठवणं बंद केलंय.

आणखी एक. ठाण्यात तिची एक सीएफवाली मैत्रीण आहे. सीएफच्या मुलांमध्ये हा जंतू एकमेकांकडे जाऊ शकतो, म्हणून भेटी बंद. हे लेकीला कसं सांगू?

हळद-दूध सुचवू नका, चालू आहे.

उत्तर: ताई, आमचा मुलगा यातून गेलाय. नर्स कुणीही असो, लाइन फ्लश करणं तुम्ही स्वतः शिका, रविवारी रात्री कुणी येत नाही. ऑडिओमेट्री अमिकासिन सुरू करण्याआधी एकदा कराच, नाहीतर नंतर ताडून काय बघणार? नेब्युलायझरचा (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राचा) कप कसा धुता?

धागाकर्ती: दुधाच्या छोट्या पातेल्यात उकळते. पण काल सासूबाईंनी उकळलेला कप 'साबण राहिला असेल' म्हणून नळाखाली धरला. हे जंतू नळाच्या पाण्यातही असतात. पुन्हा पातेलं चढवलं. मैत्रिणीचं काय करू, तेही सांगा ना.