मदत हवी आहे: मामांच्या जुन्या मॅन्युअल लेन्स निकॉन डी ५६०० वर चालतील का?

बारवकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी जिंतूर तालुक्यात शिक्षक आहे. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), वीरगळ (वीरांच्या स्मृतिशिळा), मारुतीच्या पाराला टेकवून ठेवलेल्या सुट्या मूर्ती यांचे फोटो काढून ठेवतो. सुरुवात चारठाण्याच्या मंदिरांपासून केली. मग सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल फिरत खाली उतरणारी बारव पाहिली आणि हे काम सोडवेना. बरेच वीरगळ उघड्यावर आहेत. कोरीव काम झिजत चाललंय, काहींवर ऑइल पेंटचे थर चढलेत. अजून दहा-वीस वर्षांनी त्यातलं किती वाचता येईल याची खरंच काळजी वाटते. म्हणून फोटोत छिन्नीची रेघ न् रेघ दिसावी असं वाटतं.

माझ्याकडे निकॉन डी ५६०० आहे, सोबत १८-५५ आणि ७०-३०० या दोन लेन्स, दोन्ही एएफ-पी (निकॉनच्या मोटरवाल्या ऑटोफोकस लेन्स). मामांचा गंगाखेडला फोटो स्टुडिओ होता. आता वयामुळे त्यांनी बंद केला आणि कपाटातल्या लेन्स माझ्याकडे दिल्या. कॅमेरे गेले, लेन्स राहिल्या. त्या अशा:

हेलिऑस ४४-२, ५८ मिमी एफ/२ (आट्या पिळून बसणारी, एम४२ माउंटची; माउंट म्हणजे लेन्स बॉडीला बसते तो भाग)
सुपर ताकुमार १३५ मिमी एफ/३.५ (हीसुद्धा एम४२)
पेंटॅक्स-एम ५० मिमी एफ/१.७ (के माउंट)
यशिका एमएल ५० मिमी एफ/१.९ (हिच्या पात्यांवर तेल दिसतं, अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, सावकाश मिटतं)

दुकानदार म्हणाला, "निकॉनवर दुसऱ्या कंपनीची लेन्स लागत नाही, विकून टाका." ऑनलाइन पाहिलं तर लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायच्या रिंगा मिळतात. काही साध्या, काहींच्या आत काच. काच कशासाठी असते? साधी रिंग लावली तर बॉडीला धोका आहे का? कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर चालेल का? की या लेन्ससाठी बॉडीच दुसरी घ्यावी? बजेट वापरलेल्या बॉडीपुरतं आहे, तेही लगेच नाही. लेन्स विकायच्या नाहीत, हे आधीच सांगतो. आगाऊ धन्यवाद.

काळापाषाण

सर, आधी काचेचं बघू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्यातच आहेत.

प्रत्येक माउंटचं एक ठरलेलं अंतर असतं: लेन्स जिथे बॉडीला टेकते तिथपासून सेन्सरपर्यंत. निकॉन एफ माउंटचं हे अंतर ४६.५ मिमी. एम४२ आणि पेंटॅक्स के, दोघांचं ४५.४६. यशिकाचं ४५.५. म्हणजे तुमच्या चारही लेन्सना सेन्सर जितका जवळ हवा, त्याहून निकॉनच्या बॉडीत तो एक मिलिमीटरभर लांब आहे. लेन्स तेवढी पुढे राहिली की दूरचं फोकस होत नाही, इन्फिनिटी हातची जाते. रिंगेतली काच तो फरक भरून काढते. पण ती मुळात हलका टेलिकन्व्हर्टर, म्हणजे चित्र किंचित मोठं करणारं भिंग असते. फोकल लांबी थोडी वाढवते आणि अपर्चर पूर्ण उघडं असताना चित्र मऊ करते. तुम्हाला छिन्नीची रेघ हवी आहे, तेव्हा काचेची रिंग नको.

आता बिनकाचेच्या साध्या रिंगेचं. तिच्यावर लेन्स किती दूरपर्यंत फोकस होईल याचा अंदाज काढता येतो: फोकल लांबीचा वर्ग भागिले जादा अंतर. रिंग अगदी माउंटच्या पातळीत बसणारी असेल तर जादा अंतर १.०४ मिमी. हेलिऑसचं गणित: ५८ गुणिले ५८ म्हणजे ३३६४, भागिले १.०४, साधारण सव्वातीन मीटर. १३५ मिमीच्या ताकुमारला हाच हिशोब सतरा मीटरच्या पुढे नेतो. रिंगेची स्वतःची जाडी आणखी एक मिलिमीटर असेल तर दोन्ही आकडे जवळपास निम्म्यावर येतात.

वीरगळाचा फोटो तुम्ही किती लांबून काढता? दीड-दोन मीटर. मूर्तीचा चेहरा त्याहून जवळून. म्हणजे ज्या कामासाठी लेन्स हव्यात ते काम साध्या रिंगेत बसतं. "लागत नाही" हे उत्तर लग्नाचे फोटो काढणाऱ्यासाठी ठीक आहे, तुमच्यासाठी नाही.

हे दोन्ही एम४२ लेन्सना लागू. पेंटॅक्स-एम आणि यशिकाला मात्र खटक्याची बॅयोनेट रिंग लागते. ती एवढ्या पातळ जागेत मावत नाही, म्हणून त्या दोघींचा नाद निकॉन एफ वर सोडा.

लातूरकर

मी हेलिऑस क्यानन ७०० डी वर वापरायलोय, लई दिवस झाले. क्याननचं अंतर ४४ मिमी, त्यामुळं एम४२ ची साधी पातळ रिंग लावली की इन्फिनिटी पण मिळते, काच-बिच काही लागत नाही. निकॉनची जुनी लेन्स सुद्धा क्याननवर बसते, उलटं मात्र होत नाही. स्क्रीनवर एफ ००  दाखवायलंय म्हणून घाबरू नका, ए-व्ही मोडमधी (अपर्चर आपण ठरवायचं तो मोड) शटर स्पीड कॅमेरा स्वतः धरतो. फक्त लेन्स एफ/८, एफ/११ ला नेली की मीटर थोडं चुकायलंय, तेव्हा फोटो बघून दुरुस्ती करायची.

तुमच्या मित्रमंडळीत कुणाची जुनी क्यानन पडून असंल तर आधी मागून बघा. यशिका पण लागंल तिच्यावर. पेंटॅक्स के लावताना जपून, मागचा अपर्चरचा खटका आत अडकू शकतो.

बारवकाठ

काळापाषाण, हे गणित आजवर कुणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. लातूरकर, क्यानन सध्या कुणाकडे नाही, पण विचारून बघतो.

दोन शंका. डी ५६०० वर मीटर चालणार नाही असं वाचलं, मग एक्स्पोजर कसं ठरवू? आणि फोकस बरोबर आहे हे व्ह्यूफाइंडरमधून कळेल का? माझी नजर बरी आहे, पण त्या छोट्या खिडकीत मला तरी फरक दिसत नाही.

काळापाषाण

व्ह्यूफाइंडर विसरा. त्यातला पडदा ऑटोफोकससाठी बनवलेला, उजळ पण फोकसचा फरक न दाखवणारा. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात मधोमध दुभंगलेलं वर्तुळ असायचं, मामा त्यावरच फोकस जुळवत असतील. ते यात नाही. डावीकडे खाली हिरवा ठिपका पेटतो, पण तो ढोबळ सांगतो. ट्रायपॉड लावा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र) सुरू करा, भिंगाच्या बटणाने चित्र मोठं करा आणि एफ/२ वर उघडं ठेवून फोकस जुळवा. मग अपर्चर एफ/५.६ किंवा ८ ला न्या. हेलिऑस ४४-२ ला हे फार सोयीचं, कारण ती प्रीसेट पद्धतीची आहे. एका कड्यावर ५.६ ठरवून ठेवायचं, दुसरं कडं फिरवलं की अपर्चर न बघता तिथपर्यंत मिटतं. ताकुमारवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असेल, तो मॅन्युअलला ठेवा. नाहीतर कडं फिरवूनही पाती उघडीच राहतील.

मीटर खरंच चालत नाही. बॉडीला लेन्स दिसतच नाही, म्हणून मोड फक्त एम (मॅन्युअल) ठेवायचा. बाकी मोडमध्ये शटरच दबणार नाही. पण तुमचा विषय दगड आहे, तो हलत नाही. सावलीतला उजेडही मिनिटामिनिटाला बदलत नाही. एक फोटो काढा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा, शटर स्पीड बदला. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोला जुळतं.

उलट आपल्याकडच्या दगडासाठी हे बरंच आहे. आपला बेसाल्ट काळा. मीटर असतं तर कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो आणि फोटो गरजेपेक्षा उजळ येतो. हिस्टोग्राम डावीकडे झुकलेला राहू द्या, फक्त भिंतीला चिकटू देऊ नका. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

आणि हूड (लेन्सपुढचं सावलीचं कडं) लावा. हेलिऑसचं कोटिंग जुनं आहे, कडेने ऊन आत आलं की सगळा फोटो धुरकट होतो. ४९ मिमीचा रबरी हूड दोन्ही एम४२ लेन्सना बसेल. वीरगळाला सकाळचं किंवा उतरतं तिरकं ऊन लागतंच, उठाव त्यानेच दिसतो. म्हणून हूडशिवाय जाऊ नका.

गोदातीर

बॉडीबद्दल थोडं. मी नांदेडला असतो, होट्टलची मंदिरं जुन्या मॅन्युअल लेन्सवरच काढतो, मिररलेसवर. मिररलेसमध्ये आरसा नाही म्हणून माउंटचं अंतर खूप कमी: सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६. तुमच्या चारही लेन्स साध्या पोकळ रिंगेवर इन्फिनिटीसकट चालतील. चित्र व्ह्यूफाइंडरमध्येच मोठं होतं, फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात, मीटर चालतं. पैसे जमतील तेव्हा दोनच गोष्टी बघा.

एक, निकॉन झेड घेतली तर निकॉनच्याच एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर तुमच्या दोन्ही एएफ-पी लेन्स ऑटोफोकससह चालतील, नव्याने घ्याव्या लागणार नाहीत. दोन, बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) असेल तर मॅन्युअल लेन्सलाही त्याचा फायदा होतो, मात्र फोकल लांबी मेनूत हाताने भरावी लागते. झेड ५ मध्ये ते आहे, झेड ५० मध्ये नाही. सोनीतही ए ६००० ला नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यात याने फार फरक पडतो. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉडला परवानगी काढावी लागते. तिथे हातात धरूनच काढायचं असतं.

सोनी घेतल्यास "लेन्सशिवाय शटर" असा पर्याय मेनूत चालू करा. तो बंद असला की कॅमेरा फोटोच काढत नाही, आणि लोक रिंग खराब समजून परत पाठवतात.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. संपूर्ण बारव या लेन्समध्ये मावणार नाही. डी ५६०० चा सेन्सर लहान, म्हणून त्यावर हेलिऑस ८७ मिमीसारखी दिसते, अरुंद मंडपात तर पाठ भिंतीला लागते. बारवेसाठी १८-५५ च बरोबर ठेवा.

बारवकाठ

ठरलं. आत्ता एम४२ ची बिनकाचेची रिंग, पेंटॅक्स आणि यशिका मिररलेस येईपर्यंत कपाटात. वीरगळांची कामं या उन्हाळ्यात सुरू करतो, पावसाळ्यात गवत वाढलं की काही ठिकाणी पोचताच येत नाही.

यशिकाच्या तेलाचं काय करू? बाकी तिघींनाही ते होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी? आणि परभणी, नांदेड, संभाजीनगर भागात जुनी लेन्स उघडून साफ करणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा.

गोदातीर

नांदेडच्या एका कारागिराबद्दल व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

ते तेल फोकसच्या आट्यांमधल्या ग्रीसचं आहे. आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ग्रीस पातळ होतं, तेल सुटून पात्यांवर पसरतं. मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारी लेन्स ठेवू नका, गाडीत काचेमागे तर नकोच. यशिकेची पाती स्प्रिंगने मिटतात म्हणून थोड्या तेलानेही अडखळतात. हेलिऑसची पाती आपण हाताने फिरवतो, तिला थोडं तेल चालून जातं. मिररलेसवरही अपर्चर आपणच आधी मिटवून ठेवतो, त्यामुळे यशिका आहे तशीही वापरता येईल. घरी उघडू नका आणि गंजाचा स्प्रे तर अजिबात मारू नका, तो काचेवर चढतो.

बाकी तिघींचं अपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती लेन्स वेगळी ठेवा आणि आधी कारागिराला तीच दाखवा. नुसती धूळ असेल तर हात लावू नका, फोटोत दिसत नाही. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, चामड्याच्या जुन्या पाकिटात नको, त्यात ओल धरते.

काळापाषाण

रिंग मागवताना वर्णनात "एम४२ ते निकॉन एफ, काचेविना" असं स्पष्ट असेल तरच घ्या. फोटोत रिंगेच्या मधोमध भिंग चमकताना दिसलं तर ती काचेची. शक्य तेवढी पातळ बघा, पूर्ण पातळीत बसणारी मिळाली तर उत्तमच. आल्यावर बॉडीला लावण्याआधी लेन्स तिच्यात हाताने पूर्ण पिळून बघा. अंतराचे आकडे वरच्या बाजूला न येता कडेला थांबले तर फोटोवर काही परिणाम होत नाही, फक्त वाचायला कॅमेरा वाकडा करावा लागतो. आट्या मध्येच घट्ट झाल्या तर जोर लावू नका, रिंग बदलून घ्या.