शिकताना विमान आपटलं... तुमचे अनुभव सांगा

आज पेपरात कोपऱ्यात चार ओळी होत्या. शिकाऊ वैमानिकाचं विमान उतरताना घसरलं, वैमानिक सुखरूप. त्या 'सुखरूप'वरच अडकून बसलेय सकाळपासून.

मी १९ वर्षांची होते. सेसना १५२, सोलोचे, म्हणजे एकटीने उडवल्याचे, जेमतेम सहा तास. मे महिना, धावपट्टी तापलेली, त्यात वेग जास्त, ६५ नॉटच्या वर. विमान नुसतं तरंगत राहिलं, बसेचना. चाकं टेकली आणि उसळलं. अशा वेळी थ्रॉटल पूर्ण पुढे, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर, आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर, हे शंभरदा ऐकलेलं. मी योक, म्हणजे विमानाचं हँडल, पुढे ढकलला, जमिनीवर दाबून बसवायला. पुढचं चाक आधी आपटलं, परत उसळी, तिसऱ्यांदा ते मोडलंच. प्रोपेलर जमिनीला घासल्याचा आवाज आजही झोपेतून उठवतो. मिक्श्चर, इंधन, मास्टर स्विच हातांनीच बंद केले, मला आठवत नाही.

रात्री बाबांना फोनवर म्हटलं, टायर पंक्चर झाला. त्यांनी कर्ज काढून पाठवलं होतं हो. खरं सांगायला आठ वर्षं लागली. तर म्हणाले, "तेव्हाच कळलं होतं. जेवलीस का विचारलं तर हो म्हणालीस, पण भाजी कुठली ते तुला सांगता आलं नाही."

तुमचंही लिहा.

हडपसरकर
काटा आला ताई. मी ग्लायडिंगवाला. आमच्या हडपसरला विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने केबल ओढून, वर खेचायचे, केबल सुटली की आपण आणि हवा. इंजिनच नाही, मग कसलं गो-अराउंड? एअरब्रेक, म्हणजे खाली उतरवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, उशिरा उघडले आणि पार टोकाला गवतात जाऊन थांबलो. पाठ आठवडाभर धरली होती, आईने रोज शेक दिला. कशाने धरली ते तिला आजतागायत माहीत नाही.

तिसरा मजला
कुकर लावलाय, नंतर नीट लिहिते. पण ते भाजीचं वाचून रडले.

जुना हँगर
मी मेंटेनन्सला होतो. प्रोपेलर जमिनीला लागला की आम्हाला चाकापेक्षा इंजिनाची काळजी. फिरता क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, एकदम अडतो, बाहेरून काही दिसत नाही, आत चीर असू शकते. म्हणून इंजिन उघडूनच बघायचं. मागचा फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला, पत्राही वाकलेला असू शकतो. त्यात १५२ बनवणं १९८५ लाच थांबलंय, प्रत्येक भाग जपून वापरावा लागतो. पोरं हँगरच्या दारात येऊन उभी राहायची, आत यायची नाहीत. आम्ही हाक मारून चहा द्यायचो. कुणाच्या हातून मोडलं, हे विचारायचं नाही असं ठरलेलंच होतं.

कात्रज जुना घाट
विमान नाही, बाबांची एम-८०. वळणावर खडीवरून घसरलो, घरी सांगितलं कुत्रं आडवं आलं. गुडघ्यावर खूण आहे अजून.

हडपसरकर
एम-८०! आमच्याकडे दुधाचे कॅन तिच्यावरच जायचे. काय ओझं ओढायची.

बारावीची आई
विषय सोडून विचारते, माफ करा. लेकीला पायलट व्हायचंय, चष्मा दीडचा आहे. चालतो का?

जुना हँगर
चष्म्याने नीट दिसत असेल तर चालतो. पण वहिनी, फी भरायच्या आधी क्लास २ आणि क्लास १ दोन्ही मेडिकल करून घ्या. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, खर्च मोठा आहे.

फायनलवर
मी आत्ता बारामतीत शिकतोय. काल तीन बाउन्स झाले. आज पोटात दुखतंय सांगून उड्डाण टाळलं. ताई, तुम्ही परत कधी बसलात?

धागाकर्ती
चौथ्या दिवशी. त्या दिवशी आमचे सर धावत आले ते विमानाकडे न बघता, "कुठं लागलंय?" विचारत. मग चौथ्या दिवशी शेजारी बसले आणि तासभर मला उतरूच दिलं नाही. धावपट्टीवर यायचं, थ्रॉटल पुढे, परत वर. असे दहा गो-अराउंड. मग म्हणाले, आता वाटलं तर उतर.
सरांना पोटाचं खरं सांग बाळा. आणि आज मेसमध्ये भाजी काय होती?

फायनलवर
...बघून सांगतो. अजून गेलो नाहीये.