पीडीएफ पाठ करून सिक्युरिटी प्लस? निपाणीकरांना उत्तर

तिसरं गेट:
सिक्युरिटी प्लस ही कॉम्पटिया या संस्थेची सायबर सुरक्षेची परीक्षा. तिच्याबद्दल काल निपाणीकरांनी इथं लिहिलं: "सिक्युरिटी प्लससाठी कन्सेप्टच्या नादाला लागू नका. टेलिग्रामवरच्या पीडीएफमधले प्रश्न उत्तरांसकट पाठ करा, पास व्हा. बाकीचं नोकरीत कळतंय." खाली पोरांनी आभार मानायला रांग लावली होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी एका कंपनीच्या एसओसीत (सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागात) आहे आणि फ्रेशर्सच्या मुलाखतींना बसतो. मागच्या भरतीत आपल्याच बेळगाव भागातला एक पोरगा आला. हातात सर्टिफिकेट, स्कोअरही चांगला. त्याला विचारलं, "तुला मला एक फाइल पाठवायची आहे. ती माझ्याशिवाय कुणाला वाचता येऊ नये. कुणाची की वापरशील?" थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "ऑप्शन काय आहेत सर?" चेष्टा नव्हती ती. त्याला खरंच ऑप्शन हवे होते. माझी पब्लिक की, म्हणजे सगळ्यांना दिलेली किल्ली, एवढंच उत्तर. तिनं बंद केलेलं फक्त माझ्या प्रायव्हेट कीनं, माझ्याकडंच असलेल्या किल्लीनं, उघडतं. मग पुढचा प्रश्न: ती फाइल तूच पाठवलीस हे मला कसं कळणार? तिथं तो आपल्या प्रायव्हेट कीनं सही करणार आणि मी त्याच्या पब्लिक कीनं ती पडताळणार. हे दोन प्रश्न वेगळे का आहेत ते ज्याला कळलं, त्याला कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी आणि नॉन-रेप्युडिएशनच्या (गुप्तता आणि पाठवलेलं नंतर नाकारता न येणं, यांच्या) व्याख्या घोकाव्या लागत नाहीत. पोरगा हुशार होता. त्याचा राग नाही आला, त्याला पीडीएफ देणाऱ्याचा आला.

आता परीक्षेचंच बोलू. एसवाय०-७०१ ला, म्हणजे सिक्युरिटी प्लसच्या या आवृत्तीला, ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न. त्यात काही परफॉर्मन्स बेस्ड, आणि ते बहुतेक वेळा सुरुवातीलाच अंगावर येतात. फायरवॉलचे (नेटवर्कमधनं काय आत-बाहेर जाईल ते ठरवणाऱ्या यंत्रणेचे) नियम लावा, लॉग (मशीनवरच्या नोंदी) बघून कुठलं मशीन बाधित ते ओळखा, असलं काम. सगळ्यात जास्त वजन सिक्युरिटी ऑपरेशन्सला, २८ टक्के. त्यात पाठांतर कुठवर पुरणार?

फायरवॉलचंच घ्या. नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जुळला की निकाल लागला. वर "आतल्या सगळ्यांना ४४३ वर बाहेर जाऊ द्या" (४४३ म्हणजे सुरक्षित वेबसाइटचा पोर्ट, नेटवर्कवरचा दरवाजा) असं लिहिलं आणि त्याखाली "हिशोबाच्या मशीनला बाहेर सोडू नका" लिहिलं, तर ४४३ पुरता खालचा नियम असून नसल्यासारखा. वाचताना हे सोपं वाटतं. पण व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरात आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन मशीन उभी करून, नियम खालीवर करून, कनेक्शन कधी लागतं आणि कधी अडतं ते बघितलेला माणूसच परीक्षेत गडबडत नाही.

हॅशला, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरनं निघणाऱ्या ठशाला, तर व्हर्च्युअलबॉक्सही नको. नोटपॅडची एक फाइल करा, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड चालवा. फाइलमध्ये नुसता एक पूर्णविराम वाढवा, सेव्ह करून परत चालवा. ६४ अक्षरांची ती ओळ ओळखू न येण्याइतकी बदलते. आता आतलं काही न बदलता फाइलचं नाव बदला आणि परत चालवा. हॅश तोच! म्हणजे मालवेअरनं नाव बदललं तरी हॅशवरून का सापडतं, आणि एक बाइट बदलला की का निसटतं, दोन्ही हातानं करून कळलं. याला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागतो.

आणि ती पीडीएफ. खऱ्या परीक्षेतले चोरलेले प्रश्न वापरले तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, हे कॉम्पटियाच्या करारातच आहे आणि परीक्षेला बसताना पोरं तो मान्य करतात. निपाणीकर, हे तुम्ही त्यांना सांगितलंत का?

निपाणीकर:
सांगितलं न्हाई. पण तुम्हीपण माझ्या पोरांचं काही विचारलं न्हाई की. दिवसभर तंबाखूच्या वखारीत राबून येणारी पोरं हाईत. लॅपटॉप कुणाकडं न्हाई, मोबाइलवर अभ्यास. व्हर्च्युअलबॉक्स काय मोबाइलवर चालवायचं? फी भरायला घरातलं काय गहाण पडतंय ते मी बघितलंय. नापास झालं की परत पूर्ण फी. ९०० पैकी ७५० पाहिजेत, म्हणजे ८३ टक्के. सर्टिफिकेट नसलं तर एचआर अर्ज उघडून बघत न्हाई, मुलाखतीत की कुणाची ते कोण विचारणार? आधी दारातनं आत तर जाऊ दे.

खानापूरची:
७५० म्हणजे ८३ टक्के नाही. स्केल १०० पासून सुरू होतो आणि तो टक्क्यांचा नाहीच. या ८३ च्या भीतीनंच पोरं पीडीएफच्या मागं लागतात.

मी सध्या तयारी करतेय, तीही बहुतेक मोबाइलवर. आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. सराव प्रश्न मीही सोडवते आणि त्यात काही गैर नाही. पण बरोबर उत्तराला टिक करून पुढं जात नाही. उरलेले तीन पर्याय का चूक ते वहीत लिहिते. आणि कुठल्या परिस्थितीत तेच बरोबर ठरले असते, तेही. उदाहरणार्थ प्रश्नात आयडीएस (घुसखोरी कळवणारी यंत्रणा) आणि आयपीएस (ती अडवणारी) दोन्ही असतील, तर "फक्त कळवायचं आहे की अडवायचंही आहे" एवढा एक शब्द प्रश्नात शोधायचा. एका प्रश्नातनं चार प्रश्नांचा अभ्यास होतो. वहीत सगळं मराठीत लिहिते, त्यामुळं डोक्यात राहतं.

कॅम्प:
मराठीत? परीक्षा मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही. लॉग इंग्लिश, टूल्स इंग्लिश, क्लायंटचा कॉल इंग्लिश. आपली पोरं मागं पडतात ती याच हट्टामुळं. तीस वर्षं आयटीत काढून सांगतोय, पहिल्या दिवसापासून इंग्लिशमध्ये विचार करा.

खानापूरची:
काका, मी उत्तर इंग्लिशमध्येच देणार आहे. समजून कुठल्या भाषेत घ्यायचं ते माझं मी ठरवते. मराठी माध्यमातनं आले, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष नुसतं इंग्लिश वाक्यं पाठ करण्यात गेलं, समजलं काहीच नाही. तेच परत करायचं नाही मला.

शहापूर:
कॅम्पवाल्यांना हट्ट म्हणायला काय जातंय? इथं ऑफिसात गेलं तर फॉर्म कन्नडमध्ये, कॉलेजात गेलं तर इंग्लिश. मराठी शाळांचे वर्ग पटाअभावी बंद व्हायला लागलेत. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. पोरीनं स्वतःच्या वहीत मराठी लिहिलं तर तेवढंही खुपतंय? सीमाभागात राहून असं बोलवतं कसं तुम्हाला?

कॅम्प:
दाव्याचा आणि फायरवॉलचा काय संबंध? मीही मराठीच आहे. १९८६ चं आंदोलन डोळ्यांनी बघितलंय, मला सीमाभाग शिकवू नका. पोटाचा प्रश्न वेगळा आणि अस्मितेचा वेगळा.

शहापूर:
आमच्या पोटाचा प्रश्नच भाषेमुळं उभा राहिलाय. वेगळा म्हणायची चैन तुम्हाला परवडते.

बैलहोंगल रोड:
दोघांनाही सांगतो, जरा शांत व्हा. मी आणि माझा कन्नड मित्र एकत्र अभ्यास करत होतो. मला रिस्कची गणितं त्यानं कन्नडमध्ये समजावली आणि त्याला व्हीपीएन मी मराठीत, मधी मधी इंग्लिश. दोघंपण पास झालो. समजावणारा चांगला असला की भाषेवाचून कुणाचं अडत नाही वो.

शहापूर:
तुमचा मित्र चांगला आहे, चांगलंच आहे. सरकारी कचेरीतला कारकून तुमचा मित्र नसतो.

उद्यमबाग:
भाषेवर तुम्ही एवढं भांडालाय तर माझं पण ऐका. मी एका फौंड्रीत आयटी बघतो, एकटाच. आमच्या अकाउंट्समध्ये "पेंडिंग इन्व्हॉइस" म्हणून मेल आला. बघणाऱ्या बाईंनी अटॅचमेंट उघडली. दुपारपर्यंत सर्व्हरवरच्या ड्रॉइंगच्या फाइली लॉक. बॅकअप होता, पण तो त्याच नेटवर्कवरच्या डिस्कवर, कायम जोडलेला. तोही गेला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक बाहेर, हा साधा नियम मालकांना मी आधीपासून सांगत होतो. "खर्च कशाला" म्हणून राहिलं होतं.

त्या बाईंना वर्षापूर्वी फिशिंगचं (फसव्या मेलचं) ट्रेनिंग झालं होतं. इंग्लिश व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्न, सगळी उत्तरं बरोबर. आता मीच जेवणाच्या सुट्टीत मराठीत आणि मोडक्या कन्नडमध्ये सांगतो: पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, पूर्ण पत्ता बघा, घाई करायला लावणारा मेल आला की आधी फोन करा. आता संशय आला की त्या स्वतः मला हाक मारतात. तेव्हा कॅम्प, क्लायंटच्या कॉलला इंग्लिश लागतं हे कबूल, पण शॉपफ्लोअरवर तुमचं इंग्लिश कुणाला वाचवत नाही.

मालकांना पैशाची भाषा कळली. सर्व्हर आणि त्यावरचं काम धरून किंमत समजा ८ लाख, एका घटनेत निम्मं नुकसान, म्हणजे एसएलई (एका घटनेचं नुकसान) ४ लाख. अशी घटना चार वर्षांतनं एकदा धरली तर एआरओ (वर्षाला किती वेळा) ०.२५, वर्षाचं अपेक्षित नुकसान १ लाख. बाहेरचा बॅकअप त्याच्यापेक्षा स्वस्तात बसत होता. कागदावर मांडलं, सही झाली. निपाणीकर, हे गणित परीक्षेत येतं. आकडे बदलून येतं. पाठ करून काय करणार?

आणि २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) आदेशाप्रमाणं असली घटना सहा तासांत कळवावी लागते. आमच्याकडे "बाहेर सांगू नका" यावरच दुपार गेली.

कॅम्प:
शॉपफ्लोअरचं मान्य. सर्टिफिकेटच्या तयारीबद्दल माझं मत तेच आहे. खानापूरच्या मुलीनं मराठीत समजून घ्यावं, पण प्रत्येक टिपणाखाली तीच गोष्ट इंग्लिशमध्ये दोन वाक्यांत लिहावी. मुलाखतीत तोंड उघडायला लागतं.

खानापूरची:
हे करीन. पण हे तुम्ही पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर मधलं भांडण झालं नसतं.

शहापूर:
भांडण व्हायला पाहिजेच होतं.

तिसरं गेट:
मूळ मुद्द्यावर येतो. निपाणीकर, लॅपटॉपचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण मोबाइलवर पीडीएफच चालते असं नाही. खानापूरचीनं सांगितलेली वहीची पद्धत मोबाइलवरच चालते. पोर्टचंही तसंच. ३३८९ रिमोट डेस्कटॉप, ४४५ एसएमबी (विंडोजचं फाइल शेअरिंग), हे तक्ता करून घोकण्यापेक्षा २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय (फाइली लॉक करून खंडणी मागणारं मालवेअर) वाचायला सांगा. मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच आला होता, ज्यांनी लावला नाही त्यांच्या मशीनमध्ये ते ४४५ मधनं शिरलं. व्हल्नरेबिलिटी (कच्चा दुवा), एक्स्प्लॉइट (त्याचा गैरफायदा), पॅच मॅनेजमेंट, सेगमेंटेशन (नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं), चार विषय एका गोष्टीत येतात आणि गोष्ट पोरं विसरत नाहीत.

दारातनं आत जाण्याबद्दल एवढंच. पीडीएफवर आत गेलेला पोरगा पहिल्या रात्रपाळीत एकटा अलर्टसमोर बसतो. तिथं चार ऑप्शन नसतात, आणि त्याच्यानंतर आपल्या भागातनं अर्ज करणाऱ्याकडं त्याच नजरेनं बघितलं जातं. मुलाखत घेणाऱ्यांच्या तोंडून मी हे ऐकलंय.

निपाणीकर:
शेवटचं बोललात ते लागलं. पीडीएफची लिंक काढून टाकतो. पण पाठांतर वाईट हे मी मानणार न्हाई. संक्षेप, पोर्ट, सूत्रं पाठ असावीच लागतात, परीक्षेत आठवायला वेळ कुठाय? आणि फायरवॉलचं तुम्ही सांगितलेलं करायला मशीन लागतंयच. त्याचं उत्तर अजून मिळालं न्हाई.

उद्यमबाग:
आमच्याकडे भंगारात काढायच्या यादीत तीन डेस्कटॉप आहेत. रॅम कमी आहे, पण लिनक्सची दोन हलकी मशीन चालतील. मालकांना विचारून डिस्क पुसून देतो. पुसायचं काम पोरांनाच करू दे, सॅनिटायझेशन अभ्यासक्रमात आहेच. निपाणीला पोचवायचं कुणी बघतंय का?

बैलहोंगल रोड:
शनिवारी माझी गाडी कोल्हापूरला जाते. वाटेत टाकतो.

निपाणीकर:
या. पोरं हायवेवर थांबतील. नियम खालीवर करून बघितल्यावर त्यांना काय वाटलं ते त्यांनाच इथं लिहायला सांगतो, माझं मत तेव्हा बघू.

कॅम्प:
इंग्लिशमध्ये लिहायला सांगा.

शहापूर:
मराठीत लिहितील.