मदत हवी आहे: 'डिस्को दीवाने'ची जुनी कॅसेट वाचवायची आहे

नमस्कार मंडळी. आईकडे पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसनच्या 'डिस्को दीवाने'ची कॅसेट आहे. 'कुर्बानी' चित्रपटातलं तिचं 'आप जैसा कोई' आलं १९८० मध्ये, तेव्हा कराचीत जन्मलेली ही मुलगी जेमतेम १५ वर्षांची. पुढच्याच वर्षी भाऊ झोहेब आणि संगीतकार बिद्दू यांच्यासोबत हा पहिला अल्बम, आणि तोही चित्रपटाशिवाय गाजला! आई म्हणते, लता-आशांच्या जमान्यात तो कोवळा, जरासा नाकातला आवाज ऐकून कॉलेजातल्या सगळ्या मुली खुळावल्या होत्या.

गाणी आज मोबाईलवरही मिळतात. पण या कॅसेटच्या बी बाजूला, शेवटी, आजोबांनी कॅसेटच्या वरच्या खाचेवर (ती उघडी असली की रेकॉर्डिंग होत नाही) चिकटपट्टी लावून आईचं गाणं रेकॉर्ड केलंय. त्यात आजोबांचाही आवाज आहे, आणि तो असलेली ही एकच गोष्ट आमच्याकडे उरली आहे.

टेपवर पांढरी बुरशी आहे, आतला स्पंजचा तुकडाही निघालाय. भीतीने अजून प्लेअरमध्ये घातलेली नाही. बुरशी घरी काढता येते का? टेप दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवायची कशी? की हात न लावता जाणकारालाच द्यावी? पुण्यात असं काम जपून करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. पुढच्या महिन्यात आईची साठी आहे.